भान कशाचं?

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या टीममधल्या अकरा जणांपैकी चौघांचे लॅपटॉप आपोआप लॉक झाले. आधी वाटलं, नेहमीसारखं काहीतरी अपडेट चाललं असेल. दहा वाजेपर्यंत कळलं की चौघांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही. तुम्ही न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा बे एरियात असाल तर तुमच्या कंपनीचं नाव घातलंत तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

दुपारी दोन वाजता उरलेल्या सात जणांसाठी वेबिनार होता. विषय होता, तणावाच्या काळात रेझिलियन्स वाढवणाऱ्या माइंडफुलनेसच्या सोप्या पद्धती. येताना एक मनुका किंवा कुठलंही सुकं फळ घेऊन या, अशी सूचना होती. माझ्या खणात तासगावचे बेदाणे होते. दिवाळीला घरी जाऊन आलेल्या टीममधल्या सांगलीच्या मुलाने ते दिले होते. "ताई, हे आमच्याकडचे. इथे मिळतात तसले नाहीत," असं म्हणून. लॅपटॉप बंद झालेल्या चौघांत तो होता.

वेबिनारमधल्या बाईंचा आवाज शांत होता. त्यांनी बेदाणा तळहातावर ठेवायला सांगितला. रंग पाहा, सुरकुत्या पाहा, बोटांत फिरवा, वास घ्या, मग जिभेवर ठेवा, पण लगेच चावू नका. मी सगळं केलं. आणि खरं सांगते, त्या दिवसात माझा श्वास नीट चालला तो त्याच दोन मिनिटांत. मला राग आला तो याचाच. पद्धत खोटी असती तर हसून सोडून देता आली असती. ती खरी होती, उपयोगी होती, आणि ज्याच्या बेदाण्यावर मी ती करत होते त्याच्याबद्दल पंचवीस मिनिटांत कोणी अवाक्षर काढलं नाही.

त्या रागापोटी मी हिवाळाभर दोन पुस्तकं वाचली आणि आमच्या गावच्या लायब्ररीत आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्गही केला. तेव्हा हे केवळ पुस्तक परीक्षण नाही, आणि अनुभवकथनही नाही. या पद्धती तुमच्यापर्यंतही पोचल्या असणार, ऑफिसातून, मुलांच्या शाळेतून, डॉक्टरांकडून किंवा बहिणीने पाठवलेल्या व्हिडिओतून. त्यांतलं काय घ्यावं आणि काय परत करावं, याचा हा माझ्यापुरता हिशेब.

आधी त्या 'रेझिलियन्स'चं पाहू. हा मुळात वस्तूंच्या गुणधर्माचा शब्द. दाबली, वाकवली तरी पुन्हा मूळ आकारात येणारी वस्तू रेझिलियंट. मराठीत आपण लवचिकता म्हणतो. पुरात तग धरणारं लव्हाळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बोलताना चिवटपणाही म्हणतो, आणि त्यात कौतुक असतं. पण आणखी एक शब्द आहे, सोशिकपणा. हा आपण बहुतेक बायकांसाठी राखून ठेवलेला आहे. माझी आजी गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण "फार सोशिक हो" एवढंच बोलून चहा पीत होता. काय सोसलं, कोणामुळे सोसलं, हे विचारायची पद्धत नव्हती. सोशिक म्हटलं की तो प्रश्नच मिटतो.

आता त्या वेबिनारचं शीर्षक मराठीत करून पाहा. जाहिरात लवचिकतेची होती. मागणी मात्र सोशिकपणाची होती. लव्हाळं वाकतं हे खरं, पण पाणी ओसरल्यावर ते उभं राहतं. आमच्या पाण्याला ओसरायची तारीख कोणी दिली नव्हती. उलट चौघांचं काम सातांत वाटून देणारा ईमेल त्याच संध्याकाळी आला.

बेदाण्याचा हा खेळ आला कुठून? त्याला जगभर पोचवलं जॉन कबाट-झिन यांनी. एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस योग शिकवायचा, ध्यानाच्या शिबिरांना जायचा. १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी एक वर्ग सुरू केला. पुढे त्याला एमबीएसआर, म्हणजे माइंडफुलनेसच्या आधाराने ताण कमी करण्याचा कार्यक्रम, असं नाव पडलं. आठ आठवडे, आठवड्याला एक वर्ग, मधे एक पूर्ण दिवस मौनाचा, आणि घरी रोज पाऊण तास सराव. या वर्गाचा सगळा ऐवज त्यांनी १९९० साली 'फुल कटॅस्ट्रॉफी लिव्हिंग' या पुस्तकात मांडला. २०१३ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. ती सहाशेहून जास्त पानांची आहे.

शीर्षक झोर्बा या ग्रीक गड्यावरून घेतलं आहे. लग्न झालंय का असं विचारल्यावर तो बायको, घर, पोरं असं सगळं मोजून त्याला एकत्रितपणे महासंकट म्हणतो. मराठीत याला आयता शब्द आहे, प्रपंच. तेव्हा पुस्तकाचं नाव आपण बेधडक 'प्रपंचात राहून' असं करू शकतो, आणि मग ते एकदम ओळखीचं वाटू लागतं.

ओळखीचं वाटायला आणखीही कारण आहे. या वर्गाचा कणा असलेला व्यायाम म्हणजे बॉडी स्कॅन. पाठीवर पडायचं आणि लक्ष डाव्या पायाच्या बोटांपासून हळूहळू वर न्यायचं. घोटा, पोटरी, गुडघा. जिथे जे जाणवेल ते जाणवू द्यायचं, बदलायचं नाही. इगतपुरीला दहा दिवस राहून आलेला कोणीही म्हणेल, अहो, हे तर आमचंच. आणि ते बरोबरच आहे. बॉडी स्कॅनचं मूळ ब्रह्मदेशातले सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेत आहे. ऊ बा खिन हे त्या देशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेब सांभाळणारा प्रापंचिक माणूस. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. पुढे १९८२ साली मॅसॅच्युसेट्समध्येच, शेलबर्नला, त्यांच्या परंपरेचं केंद्र झालं. म्हणजे एकाच झऱ्याचे दोन पाट एकाच राज्यात पोचले. एक धम्म म्हणून आला, दान घेऊन, फी न लावता, शीलाच्या अटीसह. दुसरा पांढरा कोट घालून आला, आरोग्यसेवा म्हणून. कबाट-झिन यांनी हे जाणूनबुजून केलं. बुद्धाचं नाव पुढे केलं तर रुग्णालय दार उघडणार नाही, हा त्यांचा अंदाज होता आणि तो चुकीचा नसावा.

लायब्ररीतल्या वर्गात आम्ही चौदा जण होतो. बहुतेक साठीच्या पुढचे, एक नर्स, एक ट्रक चालवणारा, आणि मी. पहिल्या तीन आठवड्यांत मी बॉडी स्कॅनमध्ये दर वेळी गुडघ्यापर्यंत पोचून झोपले. चौथ्या आठवड्यात झोप लागली नाही. तेव्हा कळलं की माझा जबडा दिवसभर आवळलेला असतो. इतका, की कानाखाली दुखतं. दोन वर्षं मी त्या दुखण्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे जात होते. रात्री दातांत घालायचं गार्ड करून घेतलं होतं. जबडा कधी आवळतो हे पाहायला लागले तर उत्तर फार लवकर मिळालं. कॅलेंडरमध्ये एका विशिष्ट माणसाची मीटिंग दिसली की आवळतो.

हे मी मुद्दाम तपशिलात सांगते आहे, कारण पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. पुस्तक शांत व्हायला सांगत नाही. आराम मिळेल असं आश्वासनसुद्धा देत नाही. व्यायाम आवडण्याची अट घालत नाही, करण्याची घालते. पुन्हा पुन्हा एवढंच बजावतं की आत्ता जे आहे ते बघा, मग ते कितीही नकोसं असो. आणि त्याला वेळ लागतो. पाऊण तास, सहा दिवस, आठ आठवडे. आमच्या वेबिनारमध्ये त्याची पंचवीस मिनिटं झाली, अ‍ॅपमध्ये तीन मिनिटं होतात. तीन मिनिटांत माझा जबडा मला कधीच सापडला नसता. सोप्या पद्धती सोप्या आहेत हे खरं, पण त्या झटपट नाहीत, आणि या दोन शब्दांतला फरक विकणाऱ्यांनी पुसून टाकला आहे.

आता तक्रार. वुस्टरच्या वर्गात सुरुवातीला कोण येत होतं? डॉक्टरांनी पाठवलेले रुग्ण. पाठीचं जुनं दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, हृदयविकार, कर्करोग. औषधाने जेवढं करायचं तेवढं केलं होतं आणि तरी दुखणं उरलंच होतं. अशा माणसाला दुखण्याशी झगडणं थांबव, त्याच्याकडे नीट बघ, असं सांगण्यात मोठी करुणा आहे. दुखणं जाणार नाही हे तिथे ठरलेलं आहे. बदलू शकतं ते फक्त त्याच्याशी असलेलं नातं. पुस्तकातली वेदनेवरची प्रकरणं म्हणूनच उत्तम आहेत. तुमच्या घरात संधिवाताने बेजार कोणी असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा पुस्तक घ्यावं.

पण हेच औषध मग ऑफिसात आणलं गेलं. माझ्या टीममधल्या सात जणांचं दुखणं जुन्या पाठदुखीसारखं नव्हतं. कोणीतरी ठरवून ते दिलं होतं, आणि कोणीतरी ठरवलं असतं तर ते कमीही झालं असतं. न जाणाऱ्या वेदनेसाठी बनवलेलं साधन टाळता येण्याजोग्या वेदनेवर लावलं की त्याचा अर्थच बदलतो. रुग्णालयात जो स्वीकार होता, त्याची ऑफिसात मुकाट मान्यता होते. कबाट-झिन स्वतः स्वीकार म्हणजे हार मानणं नव्हे हे वारंवार सांगतात. मला ते प्रामाणिक वाटतात. तरी पुस्तकातलं कामाच्या ताणावरचं प्रकरण पुन्हा वाचा. भर आहे तो कामाकडे बघण्याच्या आपल्या नजरेवर. तीन जणांचं काम एकाला का दिलं गेलं, हे विचारण्याची जागा तिथे फार अरुंद आहे. आणि आपल्यासारख्यांचा ताण तर त्या पानांवर नाहीच. ज्याचं देशात राहणंच नोकरीला बांधलेलं आहे, ज्याची बायको एच-फोरवर आहे, मुलगी किंडरगार्टनमध्ये आहे आणि घराच्या लीजचे सात महिने उरले आहेत, त्याचा ताण वेगळ्या धातूचा असतो. त्याला नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात. रुग्णालयातल्या माणसाला कोणी तारीख देत नाही. याला तारीख असते.

संशोधन काय म्हणतं, ते थोडक्यात. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाच्या कार्यक्रमांचा मध्यम किंवा त्याहून लहान फायदा दिसला. जादू नाही, पण काहीच नाही असंही नाही. २०२२ मध्ये एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना आठ आठवड्यांचा एमबीएसआर वर्ग हा एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांचा मोठा प्रयोग, आठ हजारांहून जास्त मुलांचा, प्रसिद्ध झाला. सगळ्या वर्गाला सरसकट माइंडफुलनेस शिकवून मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. आणि २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. माइंडफुलनेस, रेझिलियन्सचे वर्ग, अ‍ॅप अशा गोष्टींत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुखी दिसले नाहीत. चारही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. ज्याला त्रास आहे, ज्याने स्वतःहून वर्ग निवडला आणि आठ आठवडे सराव केला, त्याला उपयोग झालेला दिसतो. वरून सगळ्यांवर शिंपडलं की फारसा होत नाही.

दुसरं पुस्तक रोनाल्ड पर्सर यांचं, २०१९ सालचं 'मॅकमाइंडफुलनेस'. नावावरूनच स्वाद कळतो. पर्सर सॅन फ्रान्सिस्कोत व्यवस्थापनाचे प्राध्यापक आणि स्वतः बौद्ध साधक. त्यांचा आरोप असा की ताण हा समाजाने निर्माण केलेला प्रश्न असताना माइंडफुलनेसच्या बाजाराने तो प्रत्येकाच्या डोक्यात नेऊन बसवला. तुझं चित्त थाऱ्यावर नाही म्हणून तुला त्रास होतो, असं एकदा म्हटलं की मालक सुटला, सरकार सुटलं. शील बाजूला काढून फक्त एकाग्रता ठेवली तर ती सैनिकालाही उपयोगी आणि शेअरबाजारातल्या दलालालाही, हेही ते दाखवतात.

वेबिनारच्या रागात मी हे पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि जवळजवळ प्रत्येक पानावर मान डोलावली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र थकले. एकच गोष्ट ते दहा प्रकारे सांगतात. आणि मोठी उणीव अशी की रात्री दोन वाजता छाती धडधडत जागी झालेल्या बाईसाठी त्यांच्याकडे काही नाही. व्यवस्था बदला हे ठीक. व्यवस्था बदलेपर्यंत मी रात्रीचं काय करू? कबाट-झिनकडे त्या रात्रीचं उत्तर आहे आणि सकाळचं नाही, पर्सरकडे सकाळचं आहे आणि रात्रीचं नाही. एवढं म्हणून थांबता आलं असतं, पण मराठी वाचकाला थांबायची गरज नाही, कारण हा वाद आपल्याकडे यांच्या कितीतरी आधी होऊन गेला आहे.

डॉ. आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच ते एक अवघड प्रश्न विचारतात. जन्म, जरा, मरण सगळंच दुःख असेल तर या धम्मात माणसाला आशा कुठली? आणि मग बुद्धाचं चरित्र सांगताना ते नेहमीची गोष्ट नाकारतात. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या कथनात भांडण रोहिणी नदीच्या पाण्याचं आहे, शाक्य आणि कोलीय यांच्यातलं. संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्या विरोधाची किंमत म्हणून त्याने परिव्राजक होणं पत्करलं. म्हणजे या बुद्धाची साधना डोळे मिटण्यापासून सुरू होत नाही. ती भर सभेत उभं राहून नाही म्हणण्यापासून सुरू होते. माणसाने माणसाशी कसं वागावं हा आंबेडकरांच्या धम्माचा गाभा आहे. अभ्यासक यावर वाद घालतात, घालोत. पण पाण्याच्या वाटपावरून पेटलेल्या भांडणात दुःखाचं मूळ शोधणारा ग्रंथ आपल्या घरात असताना, ताण सामाजिक असतो हा शोध २०१९ सालचा आहे असं मानणं जरा विनोदीच. पर्सर वाचण्याआधी हा ग्रंथ वाचावा, असं मी सुचवीन.

इथे शब्दाचा एक खुलासा. इंग्रजीतला माइंडफुलनेस हा पालीतल्या 'सति'चा अनुवाद. ऱ्हिस डेव्हिड्स या अभ्यासकाने तो १८८१ साली वापरला आणि पुढे रूढ झाला. 'सति' म्हणजे संस्कृतातली स्मृती, आठवण. मराठीत आता सजगता म्हणतात. चांगला शब्द आहे, पण घरात कोणी बोलत नाही. घरातला शब्द आहे भान. भानावर ये. भान ठेवून बोल. वेळेचं भान नाही. देहभान हरपलं. लक्षात घ्या, मराठीत भान बहुतेक वेळा कशाचं तरी असतं. वेळेचं, परिस्थितीचं, आणि हो, सामाजिक भानही. नुसतं भान ठेवा म्हटलं तर समोरचा लगेच विचारतो, कशाचं? ऑफिसात आलेल्या माइंडफुलनेसला हा प्रश्न कोणी विचारत नाही. श्वासाचं भान ठेवा, बेदाण्याचं ठेवा, तळपायांचं ठेवा. रिकाम्या चार खुर्च्यांचं भान मात्र त्या यादीत नव्हतं.

सांगलीच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. किराणा आणायला म्हणून निघाला होता आणि पाऊण तास दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होता. हात थरथरताहेत, वकिलाला फोन करायचा आहे, पण बोलता येत नाही, म्हणाला. मी त्याला व्यवस्थेबद्दल काही सांगितलं नाही. म्हटलं, पाय गाडीच्या तळाला घट्ट टेकव. डोळे उघडेच ठेव. समोरच्या पाच गाड्यांचे रंग मला सांग. मग श्वास आत जाताना मोज, बाहेर जाताना मोज, बाहेरचा थोडा लांब सोड. पाचसहा वेळा. तो म्हणाला, "ताई, हे त्या वेबिनारवाल्यांचंच ना?" हो, त्यांचंच. चार मिनिटांत आवाज ताळ्यावर आला.

डोळे उघडे ठेव, हे मी विचार करून सांगितलं होतं. घाबरलेल्या माणसाला किंवा जुना मोठा आघात मनात असलेल्याला डोळे मिटून शरीरात शिरायला लावलं तर कधी कधी भीती वाढते. आमच्या लायब्ररीतल्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. वेबिनारवाल्या बाईंनी सांगितलं नव्हतं. इगतपुरीच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नव्हे. ही साधनं सौम्य आहेत म्हणून निरुपद्रवी आहेत, असं समजू नका.

आवाज ताळ्यावर आल्यावर आम्ही दुसरं बोललो. न्यू जर्सीत एप्रिल २०२३ पासून कायदा कडक झालेला आहे. शंभर किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने मोठी कपात केली, म्हणजे कायद्यात बसेल इतकी, तर ९० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो. हक्क सोडल्याच्या कागदावर सही करण्याआधी हे माहीत असणं बरं. शिवाय ते ६० दिवस साधारणपणे लॅपटॉप बंद झाल्याच्या सकाळपासून मोजत नाहीत. शेवटचा पगार ज्या दिवसापर्यंतचा, तिथून मोजतात. आपल्या प्रकरणात नेमकं काय लागू होतं ते वकीलच सांगणार, पण विचारायचं काय हे तरी त्याला कळलं. त्याने प्रश्न कागदावर लिहून घेतले. थरथरत्या हाताने ते लिहिता आले नसते, हेही खरं आहे, आणि नुसता श्वास मोजत बसला असता तर कागद कोराच राहिला असता, हेही.

त्याला नोकरी मिळाली नाही. फेब्रुवारीत ते तिघं पुण्याला गेले. विमानतळावर मुलगी रडत होती, कारण तिच्या वर्गातल्या गोगलगाईला खायला घालायची पाळी तिची होती.

पुस्तकाकडे परत येते, कारण घ्यायचं का हे तुम्हाला ठरवायचं असेल. 'फुल कटॅस्ट्रॉफी लिव्हिंग' पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, दीडशे पानांत सोडाल. आधी सरावाचा पहिला भाग वाचा, त्यातही बॉडी स्कॅनचं प्रकरण, आणि आठ आठवडे खरंच करा. करणार नसाल तर पुस्तक शेल्फवर शोभेल, बाकी काही नाही. मग वेदनेवरची प्रकरणं. कामाच्या ताणाचं प्रकरण वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि प्रत्येक सल्ल्यापुढे लिहा की हे दुखणं न जाणारं आहे की कोणी दिलेलं. माझ्या प्रतीत समास भरून गेला आहे. 'मॅकमाइंडफुलनेस'ची पहिली तीन-चार प्रकरणं पुरेत. लायब्ररीत मिळतं, विकत घेऊ नका.

लायब्ररीतला वर्ग संपला तेव्हा शिक्षिकेने शेवटच्या दिवशी पुन्हा बेदाणे वाटले. मी माझ्या पिशवीतले काढून सगळ्यांना एकेक दिला. ट्रक चालवणाऱ्याने विचारलं, हे कुठले? मी तासगाव कुठे आहे ते सांगितलं, कोणी दिले ते सांगितलं, आणि तो आता कुठे आहे तेही. मग आम्ही ते खाल्ले.